आकाशात न फडकणारी निशाणे

विमानाला झेंडा लावता येत नाही. उड्डाणाच्या वेगात कोणतेही कापड काही क्षणांत चिंध्या होऊन जाईल. एखाद्या राष्ट्रप्रमुखाचे विमान उतरते तेव्हा कॉकपिटच्या खिडकीतून छोटा झेंडा बाहेर काढतात, तोही चाके जमिनीला टेकून विमान संथपणे थांब्याकडे निघाल्यावरच. आकाशात ओळख पटवायची तर ती रंगाने, पंखांवर आणि धडावर काढलेल्या वर्तुळाने, शेपटीवरच्या पट्ट्याने. असे असूनही जगातल्या बहुतेक मोठ्या वायुदलांनी हुद्द्यांच्या झेंड्यांची एक पूर्ण उतरंड जपली आहे. एअर कमोडोरचा झेंडा वेगळा, एअर व्हाइस मार्शलचा वेगळा, एअर मार्शलचा त्याहून वेगळा. तो मुख्यालयाच्या ध्वजस्तंभावर चढतो, मोटारीच्या पुढच्या टोकाला लागतो आणि त्याच्या जोडीला ताऱ्यांची पाटी असते. ज्या दलाचे सारे कर्तृत्व आकाशात, त्याने जमिनीवरचा हा सोपस्कार का सांभाळावा, हा प्रश्न रास्त आहे. अनेकांना तो निव्वळ मानपानाचा भाग वाटतो. माझे मत वेगळे आहे. हुद्द्याचा झेंडा नीट वापरला तर तो अधिकाऱ्याचा मान वाढवण्यासाठी नसतोच. निर्णय कोणाचा आहे आणि चुकल्यास जाब कोणाला विचारायचा, याचा तो जाहीर पत्ता असतो. आणि वायुदलात त्याची गरज नौदलापेक्षाही जास्त आहे.

या झेंड्यांचा जन्म समुद्रावरचा आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. शिडाच्या जहाजांच्या काळात ताफ्याचा प्रमुख नेमका कोणत्या जहाजावर आहे हे बाकीच्या कप्तानांना दुर्बिणीतून दिसले नाही, तर लढाई हातची जात असे. ब्रिटिश नौदलाने त्यावर साधी सोय काढली होती. ॲडमिरलचा झेंडा मधल्या मुख्य डोलकाठीवर, व्हाइस ॲडमिरलचा पुढच्या डोलकाठीवर आणि रिअर ॲडमिरलचा मागच्या डोलकाठीवर. १८०५मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन व्हाइस ॲडमिरल होता, म्हणून ‘व्हिक्टरी’ या त्याच्या जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर त्याचा झेंडा होता. पुढे वाफेची जहाजे आली, तीन डोलकाठ्यांची खात्री राहिली नाही, तेव्हा जागेवरून हुद्दा ओळखण्याची पद्धत मोडली. मग पांढऱ्यावरच्या लाल क्रॉसच्या झेंड्यात लाल गोळे आले. ॲडमिरलचा झेंडा कोरा, व्हाइस ॲडमिरलचा एका गोळ्याचा, रिअर ॲडमिरलचा दोन गोळ्यांचा. म्हणजे जितका हुद्दा मोठा तितकी खूण साधी. कमोडोरला मात्र पूर्ण झेंडा नव्हता, आपल्या भगव्यासारखी शेंड्याला दुभंगलेली पताका होती. पाहणाऱ्याला लांबून, अर्ध्या उजेडात, धुरातून वाचता यावे हा या साऱ्यामागचा एकमेव हेतू होता.

झेंडा जहाजाचा नसून त्यावरच्या अधिकाराचा असतो, हे पहिल्या महायुद्धात, २४ जानेवारी १९१५ रोजी, डॉगर बँकच्या लढाईत फार स्पष्टपणे दिसले. ब्रिटिश व्हाइस ॲडमिरल बीटीची ‘लायन’ ही युद्धनौका जर्मन तोफांनी जायबंदी झाली आणि मागे पडली. बीटी ‘अटॅक’ या विनाशिकेवर उतरला, तिथे त्याचा झेंडा चढला, आणि नंतर तो ‘प्रिन्सेस रॉयल’वर गेला तेव्हा झेंडाही त्याच्याबरोबर गेला. ‘लायन’ तरंगतच होती, पण हुकूम देणारा तिथे नव्हता, म्हणून झेंडाही तिथे राहू शकत नव्हता. त्याच लढाईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बीटीने ‘लायन’वरून चढवलेले दोन वेगळे संकेतध्वज खालच्या कप्तानांनी एकत्र वाचले, सगळ्यांनी मोर्चा आधीच लंगड्या झालेल्या ‘ब्लूशर’ या जर्मन नौकेकडे वळवला आणि बाकीच्या जर्मन युद्धनौका निसटल्या. निशाण चुकीचे वाचले गेले तर त्याची किंमत रणांगणावर मोजावी लागते. मराठी वाचकाला यातला पहिला भाग समजावून सांगण्याची गरज नाही. मोहिमेत जरीपटका ज्याच्याकडे, मुख्य सरदारकी त्याच्याकडे, ही समज आपल्या इतिहासात मुरलेली आहे.

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९१८ रोजी सैन्याचे रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र करून रॉयल एअर फोर्स हे जगातले पहिले मोठे स्वतंत्र वायुदल उभे राहिले. दल स्वतंत्र झाले, पण त्याच्या अंगावर सगळे कपडे उसने होते. पहिले सोळा महिने अधिकाऱ्यांचे हुद्दे सैन्यातलेच होते: मेजर, कर्नल, ब्रिगेडियर जनरल. १ ऑगस्ट १९१९ पासून आपल्याला आज परिचित असलेली नावे आली: पायलट ऑफिसरपासून स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर आणि वर एअर चीफ मार्शलपर्यंत. बाहीवरच्या पट्ट्या मात्र नौदलाच्या धर्तीवर राहिल्या. या नावांवरून नौदल आणि सैन्य दोघांनीही कुरकुर केली होती. आपल्या हुद्द्यांची नावे नव्या दलाने वापरू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. पण खरी कसोटी लागली ती झेंड्यावरून. ब्रिटिश परंपरेत जमिनीवर वा जहाजावर कोणता सेवाध्वज फडकवावा याला संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार नौदलाच्या मुख्यालयाकडे, म्हणजे ॲडमिरल्टीकडे होता. वायुदलाला स्वतःचा ध्वज असण्याची गरजच काय, असा ॲडमिरल्टीचा सूर होता. वायुदलाचे प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड मागे हटले नाहीत. आराखडे गेले, फेटाळले गेले, पुन्हा गेले. शेवटी फिकट निळ्या कापडावर, कोपऱ्यात युनियन जॅक आणि उजवीकडे विमानावरचेच तीन रंगांचे वर्तुळ, हा आराखडा राजा पंचम जॉर्जने मंजूर केला आणि १९२१मध्ये तो वापरात आला.

या वादाला केवळ हट्ट म्हणता येणार नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर खर्चकपातीचे वारे होते आणि नव्या दलाचे तुकडे करून ते पुन्हा सैन्यात व नौदलात वाटून टाकावे, असे म्हणणारे लोक सत्तेच्या जवळ होते. अशा वेळी स्वतःचा ध्वज, स्वतःचे हुद्दे आणि त्या हुद्द्यांचे स्वतःचे झेंडे म्हणजे या दलाच्या अधिकाऱ्याला हुकूम देणारा दुसऱ्या दलाचा नाही, याची घोषणा होती. हुद्द्यांच्या झेंड्यांची रचनाही त्याच विचाराने झाली. वरच्या आणि खालच्या काठाला गडद निळा पट्टा, मध्ये फिकट निळा, आणि त्यावर आडवे लाल पट्टे. हुद्दा पट्ट्यांवरून ओळखायचा. एअर कमोडोरच्या झेंड्यात मधोमध एकच रुंद लाल पट्टा असतो, आणि वायुदलाच्या या झेंड्यांपैकी तोच तेवढा शेंड्याला दुभंगलेला आहे, नौदलाच्या कमोडोरची आठवण ठेवणारा. त्याच्या वरचे सारे सरळ आयताकृती. एअर कमोडोरच्या खालच्यांना झेंडा नाही, निमुळती पताका. मोटारीवर निळ्या पाटीवर पांढरे तारे, एकापासून पाचापर्यंत. उसनवारी सगळी नौदलाची, पण रंग आपले.

झेंडा आणि पताका यांच्यातला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात तो एकदम जिवंत झाला. मार्च १९४१मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानदलात विंग लीडर हे नवे पद आले. डग्लस बेडर टँगमिअरच्या तळावर, ‘सेलर’ मॅलन बिगिन हिलच्या. तीन स्क्वाड्रनना आकाशात एकत्र नेणाऱ्या या विंग कमांडरना विमानाच्या धडावर स्क्वाड्रनच्या अक्षरांऐवजी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे रंगवण्याची मुभा होती. बेडरच्या स्पिटफायरवर ‘डी-बी’ होते. आणि कॉकपिटच्या बाजूला, पायरीवरून चढताना हात टेकतो त्या जागेच्या आसपास, हातभराहून लहान अशी त्रिकोणी पताका रंगवलेली असे. कापडाची जागा रंगाने घेतली होती. आकाशात वेगाने वळताना सोबतच्या वैमानिकाला ती वाचता येत असेल असे नाही, त्या कामासाठी मोठी अक्षरे होतीच. पण तळावर विमानांच्या रांगेतून जाणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला, शस्त्रे भरणाऱ्या प्रत्येक जवानाला कळत होते की आज पुढे कोण उडणार आहे. पताका ज्यांना मिळत ते हुद्दे, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, फार तर ग्रुप कॅप्टन, स्वतः शत्रूवर चालून जाणारे होते. पूर्ण झेंडा ज्यांना मिळतो ते एअर कमोडोर आणि त्यावरचे अधिकारी बहुधा लढाईत उडत नाहीत. ते दुसऱ्यांना पाठवतात.

नौदल आणि वायुदल यांच्यातला मूळ भेद इथे आहे. ॲडमिरल स्वतः जहाजावर असतो. जहाज बुडाले तर तोही बुडतो. त्याचा झेंडा जिथे, तिथे त्याचा जीवही पणाला लागलेला असतो. वायुदलात सर्वांत वरिष्ठ माणूस जमिनीवर, बहुतेकदा जमिनीखाली असतो आणि सर्वांत कनिष्ठ अधिकारी, विशी-बाविशीतले फ्लाइंग ऑफिसर आणि फ्लाइट लेफ्टनंट, मृत्यूच्या तोंडाशी जातात. १९४०च्या उन्हाळ्यात लंडनचे रक्षण करणाऱ्या ११ नंबर ग्रुपचे प्रमुख, एअर व्हाइस मार्शल कीथ पार्क, अक्सब्रिजच्या भुयारी दालनातून स्क्वाड्रन आकाशात पाठवत. टेबलावरच्या नकाशावर फिरणारी ठोकळ्यांसारखी चिन्हे पाहून त्यांना निर्णय घ्यावे लागत, आणि ते निर्णय चुकले तर मरणारे ते स्वतः नसत. म्हणूनच पार्क वेळ मिळेल तेव्हा स्वतःच्या हरिकेन विमानातून एकेका तळावर उतरत. त्या विमानावर ‘ओके-१’ अशी खूण होती. तळावरच्या माणसांना, आपल्याला पाठवणारा कोण आहे आणि त्याला चेहरा आहे, हे समजण्याची नितांत गरज असते. अंतर जितके मोठे तितके पाठवणाऱ्याचे नाव उघड असणे आवश्यक. मुख्यालयावर चढलेला झेंडा हेच काम करतो. अधिकारी हजर आहे, कमान त्याच्या हातात आहे, आणि आजच्या आदेशांची जबाबदारी इमारतीची वा यंत्रणेची नसून एका माणसाची आहे. वायुदलात झेंड्याची गरज नौदलापेक्षा जास्त, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

हाच झेंडा पदापासून सुटून माणसाला चिकटला की काय होते, याचे उदाहरण त्याच युद्धात पलीकडच्या बाजूला होते. जर्मन वायुदलाचा प्रमुख हेरमान गोरिंग १९ जुलै १९४० रोजी राइखमार्शल झाला. हा हुद्दा फक्त त्याच्यासाठी होता, त्याच्याआधी वा नंतर नाझी जर्मनीत तो कोणालाही मिळाला नाही. त्यासाठी खास निशाण बनले: फिकट निळ्या रेशमावर एका बाजूला मार्शलच्या दंडांसह गरुड, दुसऱ्या बाजूला आयर्न क्रॉसचा सर्वोच्च मान, जो त्या युद्धात त्या एकट्याला दिला गेला. रेशीम, भरतकाम, सोनेरी किनार, सगळे एका व्यक्तीच्या मापाने शिवलेले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९४२मध्ये, स्टालिनग्राडला वेढल्या गेलेल्या सहाव्या सैन्याला हवाई मार्गाने रसद पुरवू, असे आश्वासन गोरिंगने हिटलरला दिले. त्या सैन्याची किमान गरज रोज ३०० टनांची मानली जात होती. प्रत्यक्षात सरासरी त्याच्या निम्मीही रसद पोहोचली नाही. त्याच्याच दलातले जाणते अधिकारी हे जमणार नाही म्हणून सांगत होते. आश्वासनानंतर काही दिवसांतच राइखमार्शल पॅरिसला रवाना झाला. त्याच्या निशाणाने कोणाची जबाबदारी दाखवली? कोणाचीच नाही. पार्कच्या हरिकेनवरची दोन अक्षरे आणि एक आकडा त्या साऱ्या रेशमापेक्षा मोलाचा होता.

भारतात या परंपरेची वाट अधिक अवघड होती. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालेले आपले वायुदल पहिली पंधरा वर्षे दुय्यम दल होते. स्वातंत्र्यानंतर त्याचे पहिले प्रमुख एअर मार्शल थॉमस एल्महर्स्ट यांनी पद स्वीकारताना वायुदल सैन्याच्या हाताखाली राहणार नाही ही अट घातली, आणि ती मान्य झाली. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय वायुदलाचे स्वातंत्र्य असे राखले, याचे श्रेय द्यायला हवे. प्रजासत्ताक झाल्यावर ‘रॉयल’ हे विशेषण गेले, ध्वजाच्या कोपऱ्यात युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला आणि वर्तुळाला केशरी, पांढरा, हिरवा हे रंग मिळाले. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख झाले. पण हुद्दा एअर मार्शलचाच, म्हणजे तीन ताऱ्यांचा राहिला. सैन्याचा प्रमुख चार ताऱ्यांचा जनरल. एकाच टेबलाशी बसणाऱ्या तीन दलप्रमुखांपैकी दोघांच्या पाटीवर एक तारा कमी, अशी ही स्थिती होती. १९६५चे युद्ध झाले, त्यात वायुदलाचे नेतृत्व करणारे अर्जन सिंग जानेवारी १९६६मध्ये एअर चीफ मार्शल झाले, तेव्हा कुठे वायुदल बरोबरीला आले. नौदलाला ॲडमिरलसाठी १९६८ची वाट पाहावी लागली. या एका ताऱ्यासाठी एवढा अट्टहास कशाला, असे कोणी म्हणेल. पण तीन दलांनी मिळून करायच्या प्रत्येक निर्णयात कोणाचे मत किती वजनाचे, हे हुद्द्यावर ठरते. १९६६चा तो तारा एका व्यक्तीच्या बढतीपेक्षा एका दलाच्या आवाजाला मिळालेली जागा होती.

महाराष्ट्राचा या वाटचालीत वाटा आहे. हृषीकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, नागपूरचे प्रदीप नाईक आणि नांदेड जिल्ह्यातल्या हस्त्रा गावचे विवेक राम चौधरी हे चार मराठी अधिकारी वायुदलाच्या प्रमुखपदी पोहोचले. नागपूरला वायुदलाच्या सात कमांडपैकी देखभाल कमांडचे मुख्यालय आहे आणि त्याचा प्रमुख एअर मार्शल असतो. म्हणजे १९५४मध्ये साऱ्या वायुदलाच्या प्रमुखाचा जो हुद्दा होता, तोच आज सातही कमांडच्या प्रमुखांचा आहे. दल वाढले, कामे वाढली, हे खरे. तरी या वाढीबरोबर झेंड्यांची संख्याही वाढते आणि प्रत्येक झेंड्यामागे तेवढी ठोस जबाबदारी आहे का, हे अधूनमधून तपासले पाहिजे, असे मला वाटते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मानमरातबाचा. १ मे २०१७ पासून सरकारने मंत्र्यांच्या व बड्यांच्या मोटारींवरचे लाल दिवे काढून टाकले. मग झेंडे आणि तारे का राहावेत? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही, कारण गैरवापर होतो. पण दिवा आणि झेंडा यांचे काम वेगळे. दिवा रस्ता मागतो, झेंडा फक्त ओळख देतो. शिवाय सैन्यदलांत एक नियम आहे, जो या लेखाचा सारा युक्तिवाद एका कृतीत दाखवतो: ज्याचा हुद्दा आहे तो अधिकारी मोटारीत नसेल तर झेंड्यावर आणि ताऱ्यांच्या पाटीवर खोळ चढते. चालक मोटार धुवायला नेत असेल, घरच्या मंडळींना बाजारात सोडत असेल, तर ती मोटार एअर मार्शलची नसते. अधिकारी उतरला, खोळ चढली. बसला, खोळ निघाली. हा नियम काटेकोर पाळला गेला तर मानमरातबाच्या आक्षेपात फारसा दम उरत नाही. तो पाळला जात नसेल तर आक्षेप खरा आहे, आणि दोष झेंड्याचा नसून शिस्त सोडणाऱ्याचा आहे. निवृत्तीनंतरही मोटारीला तारे लावून हिंडणे हे त्याच बेशिस्तीचे दुसरे रूप. राष्ट्रध्वजाच्या बाबतीत तर आपली ध्वजसंहिता अधिक कडक आहे. मोटारीवर तिरंगा लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री, सभापती, न्यायमूर्ती अशा मोजक्या पदांना आहे. त्या यादीत तिन्ही दलांचे प्रमुखही नाहीत. लोकशाहीत देशाचा झेंडा नागरी सत्तेकडे आणि सेनाधिकाऱ्याकडे त्याच्या हुद्द्याचा झेंडा, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. हुद्द्याचे झेंडे काढून टाकले तर उद्या वर्दीतला अधिकारी तिरंग्यावरच हक्क सांगू लागेल, आणि ते अधिक वाईट.

माझ्या मांडणीला एक खरा अडसर आहे, तो पाच ताऱ्यांचा. अर्जन सिंग यांना २६ जानेवारी २००२ रोजी मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स हा हुद्दा मिळाला, तेव्हा त्यांना सेवानिवृत्त होऊन तीन दशके उलटली होती. त्या हुद्द्याबरोबर कोणतीही कमान आली नाही, आणि मार्शल कधी निवृत्त होत नाही. झेंडा जबाबदारीचा पत्ता असेल, तर पाच ताऱ्यांच्या झेंड्यामागे कोणती जबाबदारी होती? उत्तर सरळ द्यायला हवे: कोणतीही नव्हती, तो सन्मान होता. अपवाद म्हणून तो मान्य करावा, पण दुर्मीळ ठेवूनच. भारतीय वायुदलाने आजवर हा हुद्दा एकालाच दिला आहे. अमेरिकेच्या वायुदलातही पाच ताऱ्यांचा जनरल एकच झाला, हेन्री अरनॉल्ड, १९४९मध्ये, आणि तोही निवृत्तीनंतरच. अर्जन सिंग यांनी स्वतः त्या ताऱ्यांचा अर्थ कसा लावला, हे जुलै २०१५मध्ये साऱ्या देशाने पाहिले. पालमला अब्दुल कलाम यांच्या पार्थिवासमोर शहाण्णव वर्षांचा हा मार्शल चाकाच्या खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याने सलाम केला. पाच ताऱ्यांचा माणूस आपल्या माजी सर्वोच्च सेनापतीसमोर, एका नागरी राष्ट्रपतीसमोर, उभा होता.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हे सारे इंग्रजांचे, ते टाका, असे म्हणणारे आता बरेच आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांचा आवाज विशेष मोठा आहे, कारण नौदलाच्या नव्या चिन्हांत शिवछत्रपतींचा वारसा आला आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ‘विक्रांत’च्या समारंभात नौदलाचा नवा ध्वज आला. जुन्या ध्वजातला लाल क्रॉस गेला आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्गला नौदल दिनी ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या चिन्हांतही हाच वारसा आणण्याची घोषणा झाली. मला हे बदल मनापासून आवडले. पण आधीची एक गोष्ट विसरता कामा नये. लाल क्रॉस नौदलाने पहिल्यांदा काढला तो १५ ऑगस्ट २००१ रोजी. त्याऐवजी पांढऱ्यावर निळे चिन्ह आले. समुद्रावर ते निळे आकाशात आणि पाण्यात मिसळून जाते, ध्वज लांबून ओळखू येत नाही, अशा तक्रारी नौदलातूनच आल्या आणि २००४मध्ये क्रॉस परत आणावा लागला. तो पुन्हा जायला आणखी अठरा वर्षे लागली. भावना योग्य होती, आराखडा वाचता येत नव्हता. वायुदलांनी तर ही शिकवण फार आधी घेतली आहे. १९१४मध्ये ब्रिटिश विमानांवर रंगवलेला युनियन जॅकचा लाल क्रॉस लांबून जर्मन क्रॉससारखा दिसे, म्हणून वर्तुळ आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याच वर्तुळातला लाल ठिपका जपानी सूर्याशी गोंधळू नये म्हणून काढून टाकावा लागला, आणि तिथे लढणाऱ्या भारतीय स्क्वाड्रननीही तो काढला. चुकीच्या चिन्हाने आपलीच माणसे आपल्याच गोळीने मरतात.

म्हणून हुद्द्यांचे झेंडे जरूर भारतीय करावेत, पण लांबून वाचता येतील असेच करावेत. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रयागराजला विवेक राम चौधरी यांनी वायुदलाच्या ज्या नव्या ध्वजाचे अनावरण केले, तो या बाबतीत सावध आहे. तिरंगा आणि त्रिरंगी वर्तुळ तसेच ठेवून वरच्या उजव्या कोपऱ्यात वायुदलाचे बोधचिन्ह आले: अशोकस्तंभाचे सिंह, पंख पसरलेला हिमालयीन गरुड आणि खाली ‘नभः स्पृशं दीप्तम्’. बारीक तपशिलाचे बोधचिन्ह लांबून ठिपक्यासारखे दिसणार हे खरे, पण ओळखीचे काम वर्तुळ करते, आणि ते शाबूत आहे. हुद्द्यांच्या झेंड्यांत मात्र बोधचिन्हांची गर्दी करू नये. तिथे मोजता येणारी खूण हवी.

तिसरा आक्षेप युद्धाचा: शत्रूला सेनापती दाखवून देणारी खूण कशाला? ट्रफाल्गरला नेल्सन छातीवरच्या पदकांसह डेकवर उभा होता आणि गोळीला बळी पडला, हे सर्वांना माहीत आहे. आज तर ड्रोन आणि उपग्रह वरून पाहत असतात. या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. लढाईच्या छायेत झेंडा उतरवावा, पाटी झाकावी. खोळ त्यासाठीही आहे. शांततेत जे दाखवायचे ते युद्धात लपवावे लागते म्हणून शांततेतही दाखवू नये, हा तर्क टिकत नाही.

खरा प्रश्न पुढे उभा आहे. तिन्ही दलांच्या एकत्रित थिएटर कमांड उभारण्याचा विचार काही वर्षे चालू आहे. अंदमान-निकोबारची संयुक्त कमांड २००१पासून आहे आणि तिचे प्रमुखपद आळीपाळीने तिन्ही दलांकडे जाते. जानेवारी २०२०मध्ये पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या कार्यालयासाठी सैन्याचा लाल, नौदलाचा गडद निळा वा वायुदलाचा आकाशी न घेता किरमिजी रंगाचा वेगळा ध्वज ठरला. आता उद्याच्या थिएटर कमांडच्या मुख्यालयावर कोणाचा झेंडा चढणार, यावर तिन्ही दलांत चुरस होईल, आणि १९२०च्या ॲडमिरल्टीसारखी कुरकुरही होईल. वायुदलाची शंका खरी आहे: मोजकी विमाने वेगवेगळ्या कमांडरांना वाटून दिली तर त्यांची एकवटलेली ताकद जाईल. ही शंका झेंड्याचा रंग बदलून मिटणार नाही. कोणत्या स्क्वाड्रनला कोण हुकूम देईल, तो हुकूम कोण बदलू शकेल आणि चुकल्यास कोण उत्तर देईल, हे आधी आदेशपत्रात लिहिले गेले पाहिजे. संरक्षण मंत्रालयाने आणि तिन्ही दलांनी हा क्रम चुकवू नये. अधिकाराची रेषा आधी ठरावी, कापड नंतर शिवावे.